दहा वीसच्या गाडीचा रस्ता

मुंगीचा फोन आला तेव्हा दादा गॅलरीत बसून चपलेचा निघालेला पट्टा शिवत होता.

"दादा, शुक्रवारी रिकामा आहेस ना?"

"पाच वर्षं रिकामाच आहे. बोल."

"मला एक रस्ता बघायचाय. तुझाच आहे. तलावापासून घाटातून पलीकडे."

दादाने सुई खाली ठेवली. त्या रस्त्यावर त्याने तीस वर्षं बस चालवली होती, आणि निवृत्त झाल्यापासून तिकडे एकदाही फिरकला नव्हता. काम सुटल्यावरही जुन्या जागी जाऊन बसणारी माणसं बघितली की त्याला कसंतरीच व्हायचं.

मुंगी त्याची तेरा वर्षांनी धाकटी बहीण. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून मुंगी. आता पन्नाशीला आली, चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासते, तरी घरात नाव तेच. चार वर्षांपूर्वी गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरने तिला पोहायला सांगितलं. गुडघा राहिला बाजूला आणि बाईंना वेडच लागलं. पोहण्यामागून सायकल आली, सायकलमागून पळणं. आता रविवारी ती ट्रायथलॉनला उतरणार होती. तलावात दोन किलोमीटर पोहायचं, तसंच ओल्या अंगाने सायकलवर बसून नव्वद किलोमीटर जायचं, आणि सायकल टाकली की एकवीस किलोमीटर पळायचं.

"हे सगळं एकाच दिवशी?" दादाने विचारलं.

"एका दमात. सकाळी सातला सुरू, साडेतीनला खेळ खलास. आणि सायकल साडेबाराच्या आत आली नाही तर पळायला सोडतच नाहीत. नंबर काढून घेतात."

"आणि बक्षीस?"

"पूर्ण करणाऱ्या सगळ्यांना एक पदक."

"मग पोस्टाने मागव की."

पण शुक्रवारी सकाळी सव्वाआठला तो दाढी करून, गाडीत हवा भरून तिच्या दारात हजर होता.

तलावाच्या काठावर तंबू उभे राहायला लागले होते. तिथून मुंगीने मोबाइल मांडीवर धरला. त्यात आयोजकांनी दिलेला रस्त्याचा चढउतार होता: एक लांब सरळ रेघ, तिच्या मध्ये एकच उंच सुळका, पुढे पुन्हा सरळ. तिने वहीत हिशोब करून आणला होता. "पहिले तीस किलोमीटर किरकोळ. मग नऊ किलोमीटर घाट, तिथे जीव तोडून चढायचं. एकदा घाट उतरला की पुढे सपाटच आहे, मग नुसतं पळवायचं."

गाडी घाटाला लागली तशी दादाच्या डाव्या हाताने न विचारता गिअर टाकला. हातालाच सगळं पाठ होतं. "या वळणावर लोक उलट्या करायचे," तो म्हणाला. "कंडक्टर आधीच खिडकीपासून लांब उभा राहायचा. आणि ते बघ, तो कठडा. तिथे एक म्हातारी रोज कोंबड्या घेऊन चढायची. एकदा कोंबडी सुटली आणि थेट माझ्या डोक्यावर बसली. घाटात! ब्रेक दाबू की कोंबडी धरू?"

मुंगी हसून हसून वाकडी झाली. मग वही सावरत म्हणाली, "चढाचं सांग ना. किती अवघड आहे?"

"घाट? घाट काही नाही गं. घाट सांगून येतो. समोर दिसतो, माणूस कंबर कसतो, दुसरा गिअर टाकतो, चढतो. माझी गाडी घाटात कधी तापली नाही."

"मग कुठे तापायची?"

"दाखवतो."

घाट उतरून ते मोकळ्या माळावर आले. बावीस किलोमीटर सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, झाड औषधाला नाही. मध्यावर सिमेंटची एक पडकी बस शेड होती. दादाने तिथे गाडी थांबवली. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"हे तर सपाट आहे," मुंगी म्हणाली.

दादाने पाण्याची बाटली उघडली आणि रस्त्यावर थोडं पाणी ओतलं. पाणी क्षणभर थबकलं आणि ते आले होते त्याच दिशेला, मागे, वाहायला लागलं.

"डोळ्यांना सपाट," दादा म्हणाला. "इंजिनला चढ. आणि आता थांब जरा."

दहा मिनिटांनी आधी गवत हललं. मग वारा आला तो थेट समोरून, तोंडावर हात ठेवल्यासारखा. मुंगीची वही फडफडली.

"मी दहा वीसची गाडी घेऊन इथे यायचो. सकाळी सातच्या गाडीला वारा नसायचा. दहा वीसला रोज. नवे ड्रायव्हर घाट जिंकल्याच्या गुर्मीत इथे गाडी रेटायचे आणि रेडिएटरमधून वाफ काढत बसायचे."

मुंगीने गाडीच्या टपावर बांधून आणलेली सायकल उतरवली. चार किलोमीटर गेली, परत आली, आणि शेडमधल्या बाकावर बसून तिने हिशोब पुन्हा मांडला. बराच वेळ पेन्सिल चालली. शेवटी तिने वही मिटली. "पंधराचाच वेग मिळतोय. मी बारा चौतीसला पोचते. चार मिनिटं उशिरा." तिचा चेहरा उतरला होता. "चार वर्षं घासली दादा. चार मिनिटांसाठी."

दादाने थर्मासमधला चहा दोन झाकणांत ओतला. त्याला तिची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीत चौदा वर्षांची मुंगी दिसत होती. त्यांचे वडील तलावाच्या पंपघरावर ऑपरेटर होते. काठावरच दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, भिंतींना दिवसरात्र पंपाची घरघर. मुंगीला पोहायला दादानेच शिकवलं, पोटाला ट्यूब बांधून, वडील ड्युटीवर असताना. पोर माशासारखी निघाली. शाळेने तिला शहरातल्या स्पर्धेला निवडलं, आणि त्या संध्याकाळी जेवताना वडील म्हणाले, "एवढ्या लांब काही जायचं नाही." झालं. विषय संपला. दादा तेव्हा सत्तावीस वर्षांचा, नुकताच ड्रायव्हर झालेला. त्याच्याच गाडीत बसवून तिला नेता आलं असतं. तो ताटात बघत राहिला.

"मुंगे," तो म्हणाला, "त्या शर्यतीच्या वेळी मी बोलायला हवं होतं."

"कुठल्या?"

"शाळेच्या. बाबा नाही म्हणाले तेव्हा. छत्तीस वर्षं मनात आहे बघ. मी गप्प बसलो."

मुंगीने तोंडावर हात ठेवला.

"अरे देवा. दादा! मी किती घाबरले होते माहितीये? आठ दिवस धड झोपले नव्हते. बाबा नाही म्हणाले आणि मी पांघरुणात तोंड घालून रडले, ते सुटले म्हणून! तू मध्ये बोलशील याचीच मला धास्ती होती. तू गप्प बसलास तर मला वाटलं, याला कळलंय माझ्या मनातलं."

"मला काही कळलं नव्हतं," दादा म्हणाला.

"बरं झालं."

दादाला हसावं की डोकं धरावं कळेना. छत्तीस वर्षं वाहिलेलं ओझं, आणि आत निघालं काय, तर भुसा. तो हसायला लागला. वाऱ्याने झाकणातला चहा त्याच्या सदऱ्यावर उडवला, तरी हसत राहिला.

"आता घाबरतेस का?" त्याने विचारलं.

"खूप. पण आता जायचंय."

"मग आण ती वही."

दोघं शेडमध्ये तासभर बसली. दादाचं म्हणणं एवढंच: घाटात रेटू नकोस, लोक पुढे जातील, जाऊ देत. तिथे पाच मिनिटं जास्त घालव आणि पाय शाबूत ठेवून माळावर ये. मुंगीने आकडे घातले. माळावर अठराचा वेग मिळाला तर बारा चोवीस. सहा मिनिटं हातात.

"सहा मिनिटं म्हणजे पुष्कळ," दादा म्हणाला. "सहा मिनिटांत मी अख्ख्या गाडीला चहा पाजलाय."

रविवारी तो साडेनऊलाच शेडपाशी जाऊन उभा राहिला. पुढचे गेले, मधले गेले. दहा वीसला वारा आला. काहीजण उतरून सायकल ढकलत होते, एक धिप्पाड गडी तर रस्त्याकडेला मांडी घालून बसला होता. मुंगी दिसली ती दहा पन्नासला, हँडलवर वाकलेली, मान खाली, पाय संथ आणि एकसारखे. एकामागून एक माणसं मागे टाकत येत होती.

"अठरा!" ती जाता जाता ओरडली. "अठरा मिळतोय!"

ती दिसेनाशी होईपर्यंत दादा हात उंच करून रस्त्यातच उभा राहिला.

तिने सायकल बारा सव्वीसला टेकवली. पुढचं पळणं जेमतेम पळणं म्हणावं असं होतं. शेवटचे आठ किलोमीटर ती चाललीच. तीन वाजून एकोणीस मिनिटांनी तिने रेघ ओलांडली, शेवटून सातवी. कुणीतरी गळ्यात पदक घातलं, आणि ती बूट काढून जमिनीवर आडवी झाली.

परतताना ती गाडीत बसताक्षणी झोपली. तिच्या घराकडे जायला आता खालून मोठा रस्ता झाला होता, तरी दादाने गाडी घाटाकडे वळवली. माथ्यावर पोचल्यावर त्याने कडेला घेऊन इंजिन बंद केलं. तीस वर्षांत हजारो वेळा तो इथून गेला होता, आणि वेळापत्रकात माथ्यावर थांबा नसल्याने एकदाही थांबला नव्हता. खाली तलाव अख्खा दिसत होता, कडेला पंपघराचं लाल छप्पर, आणि उन्हं कलल्याने पाणी पिवळं पडत चाललेलं. तो दार न वाजवता हळूच उतरला आणि कठड्याला टेकून निवांत बघत उभा राहिला.