एकवीस मीटरची बोअर

नऊ पोरं, नऊ कागद, आणि नऊच्या नऊंवर एकच उत्तर: गोड्या पाण्याचा थर बारा मीटर जाड. एकाने तरी अकरा लिहावं? तेरा लिहावं? सयामा निलारने कागदांची चळत टेबलावर आपटली.

"ही काय पाढे म्हणायची शाळा आहे का रे?"

पोरं हाताची घडी घालून, माना खाली घालून उभी राहिली. "चुकलं, सयामा," सगळे बाईंना एका सुरात म्हणाले. चुकलं म्हणायलासुद्धा सूर एकच!

निलारने डोक्याला हात लावला. आठवडाभर मॉलम्याइन शहरातून रोज या मठात यायचं, जेवणाच्या दालनात वर्ग भरवायचा, तीन पोरांत एक लॅपटॉप, वीज आली तर आली. आणि फळ काय, तर हे. आवारात लोखंडी खुंट ठोकून त्यांनी जमिनीत वीज सोडली होती आणि जमीन ती किती अडवते याचे आकडे घेतले होते. ते आकडे पडद्यावर ठिपके होऊन दिसत. खाली दोन सरकपट्ट्या, एक थराच्या जाडीची, दुसरी तो थर वीज किती अडवतो याची. पट्टी सरकवली की रेघ हलायची. रेघ ठिपक्यांवरून गेली, की जमिनीखाली तसं असू शकतं. असू शकतं! आहे, असं नव्हे. हे एवढंच पोरांच्या डोक्यात शिरावं म्हणून तिने दोन वर्षं वरिष्ठांचे उंबरे झिजवले होते. प्रोग्राम फुकटचा, कुठकुठल्या देशांतल्या लोकांनी मिळून लिहिलेला, आतली ओळन् ओळ उघडी. वाचा, बदला, मोडा, कोणी रागावणार नाही. आणि या शहाण्यांनी काय केलं? सोमवारी पट्टी कशी ओढायची ते दाखवताना बाईंचा हात बारावर थांबला, तो बारा वहीत उतरवून, खाली लाल रेघ मारून पाठ केला.

"तेझा, तू मॉनिटर ना? बाराच का? सांग."

"तुम्ही तिथे थांबलात, सयामा."

"अरे, कुठेतरी थांबायचं म्हणून थांबले!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. कारण बाहेर पहाटेपासून बोअरचं यंत्र धडधडत होतं, आणि बोअरवाल्या ऊ थाऊंगला खोली लिहून देणारी तीच होती. वर दहा मीटर चिकणमाती, खाली बारा मीटर गोडं पाणी, त्याच्याखाली समुद्राचं खारं. म्हणून खारं लागायच्या आधी, एकविसाला थांबा. दान मिळालं होतं ते एकाच बोअरसाठी. खाऱ्या थरात भोक पडलं तर वरचं गोडंही नासणार, आणि गाव पुन्हा उन्हाळाभर तळ्याचं गढूळ पाणी गाळत बसणार. पण रेघ ठिपक्यांवर नीट बसली होती की! मग काय बिघडलं?

तरी ती एकेक लॅपटॉप बघत सुटली. शेवटच्या बाकावर थंडार बसायची. वर्गात आवाज नाही, हालचाल नाही, आहे की नाही कळू नये अशी मुलगी. बाई जवळ येताच तिने पडदा अर्धा मिटला.

"उघड."

पडद्यावर एक सोडून दोन रेघा होत्या, दोन्ही ठिपक्यांवरून जाणाऱ्या, एकमेकींवर अशा बसलेल्या की दुसरी दिसायला निलारला वाकावं लागलं. प्रोग्राममध्ये दोन रेघांची सोयच नव्हती. पोरीने आत शिरून ती लिहून काढली होती. एका रेघेखाली बारा मीटर. दुसरीखाली जाडी निम्मी, सहा मीटर, आणि वीज अडवणं दुप्पट. फाइलीचं नाव ठेवलं होतं 'चुकीचं'.

"हे कधी केलंस?"

"मंगळवारी."

"मंगळवारी! आज शुक्रवार आहे, थंडार! सहा मीटर असेल तर खारं सोळालाच लागतं. बोलली का नाहीस?"

थंडारने पुन्हा हाताची घडी घातली. "तुम्ही फळ्यावर बारा लिहिलं होतं. सगळ्यांसमोर कसं सांगायचं, सयामा? भीड वाटली."

निलार पुढचं ऐकायला थांबली नाही. चपला न घालता ती आवारात धावली, आणि पायरीवरच तिच्या लक्षात आलं की यंत्र केव्हाच बंद झालंय.

ऊ थाऊंग हात पुसत होता. "एकवीस पूर्ण, सयामा. तुमच्या कागदाप्रमाणे."

"सोळाच्या आसपास काही बदललं का?"

"बदललं ना. वाळू संपली, काळा गाळ यायला लागला. मला वाटलंच जरा."

"मग थांबला का नाहीत?"

"आता तुम्ही एवढ्या शिकलेल्या," तो ओशाळून म्हणाला, "तुमच्यावर शहाणपणा करायचा म्हणजे..."

निलारला ओरडावंसं वाटलं, पण कोणावर ओरडणार?

पंपाचं पाणी आधी गढूळ आलं, मग स्वच्छ. सगळा गाव जमला होता. पहिला पेला थोरल्या भन्त्यांना दिला. त्यांनी घोट घेतला, जरा थांबले, आणि तिच्याकडे बघून हसले. "छान आहे. पुण्य लागेल तुला, पोरी." मग दान देणाऱ्या म्हातारीने घोट घेतला. "गार आहे हो." सरपंच प्यायला. "फार छान, सयामा. फार कष्ट घेतलेत." पेला हातोहात फिरत होता, जो तो तोंडातलं कसंबसं गिळत होता आणि तिचे आभार मानत होता.

पेला तिच्यापर्यंत आला. तिने घोट घेतला. डोळ्यांतून पाणी यावं इतकं खारट.

"अहो, म्हणा ना कोणीतरी!" ती भन्त्यांसमोर, गावासमोर ओरडली. "माझं चुकलंय! म्हणा!"

सगळे जमिनीकडे बघायला लागले. तेझासुद्धा.

तिने पेला थंडारच्या हातात कोंबला. पोरगी एक घोट प्यायली, आणि सगळ्यांसमोर थुंकली.

"खारट आहे, सयामा," ती म्हणाली. "पंधरालाच थांबायला हवं होतं."

"मंगळवारी म्हणायचं होतंस गं हे," निलार म्हणाली आणि ओल्या मातीत मटकन खाली बसली.