परवाना मुक्कामापर्यंतच

तुम्ही खोटं बोललात, साहेब. वर क्रमांक टाकून, खाली सही ठोकून, लाल शिक्का हाणून खोटं बोललात. "अर्जदारास उंच डोंगरावरील वावराचा अनुभव नाही, सबब अर्ज नामंजूर." हे कुणाबद्दल लिहिलंत ते ठाऊक तरी आहे का तुम्हाला? नसणारच. तुम्ही पाहुण्यांना घेऊन वर आला होतात, त्या दिवशी तुमचं अंथरूण, तुमचा तांदूळ आणि तुमच्या दारूच्या बाटल्या तिच्याच पाठीवर होत्या. पण हमालाचं तोंड कोण बघतं? तो पुढं निघून गेलेला असतो. तुम्ही पोचता तेव्हा तंबू उभे असतात आणि आल्याचं गरम पाणी तयार असतं, एवढंच तुम्हाला दिसतं.

तिचं नाव लांगुई. आमच्या डोंगरी बुनुन जमातीतली, आमच्याच गावची. डांबरी रस्ता संपून डोंगराची वाट सुरू होते, तिथलं शेवटचं गाव ते. वय चव्वेचाळीस. बावीस वर्षं ती ओझी वाहते. ओझ्याचा पट्टा कपाळावर घेऊन घेऊन केसांच्या खाली एक आडवी, गुळगुळीत रेघ पडली आहे, तिथे घामसुद्धा धरत नाही.

तिला पळायचं होतं. तुम्हीच जाहीर केलेल्या शर्यतीत. गावातून निघून, तीन खिंडी ओलांडून, मोठ्या डोंगराच्या बगलेतून फिरून परत गावात. शंभर किलोमीटर, तीस तासांच्या आत.

हे खूळ तिच्या डोक्यात कसं शिरलं, तर कुकरमुळे. वरच्या मुक्कामावर हवा विरळ, साध्या पातेल्यात भात शिजत नाही, म्हणून आमची हमालांची टोळी कुकर वर नेते. दुपारी ओझी उतरवली की कुकर चढवायचा आणि भात होईस्तोवर बसून राहायचं. बाकीचे सुपारी चघळत बसत. लांगुईला बसवत नसे. एके दिवशी ती उठली आणि समोरच्या खिंडीपर्यंत पळत जाऊन आली. पाठीवर काही नव्हतं, तर पहिल्याच उतारावर तोंडावर पडली. बावीस वर्षं मागून ओढणारं वजन असायचं, ते नसल्यावर अंग पुढंच जायला लागलं. गुडघे फुटले. दुसऱ्या दिवशी परत गेली. महिन्याभरात खिंडीच्या दोन फेऱ्या व्हायला लागल्या, मग तीन.

"ताई, भात करपला तर पाहुण्यांना काय खिचडी म्हणून वाढू?" हाइसुल ओरडायचा. टोळीतला सगळ्यात वाचाळ प्राणी. "का तुझा घाम घालून सूप करू?"

"तू नीट वाफ बघ. तोंडाची नको, कुकरची."

खाली गावात असली की ती आलुबुखारच्या बागांमधल्या चढाच्या रस्त्याने पळायची, पायात तेच गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट. आम्ही हमाल तेच घालतो. कुत्री मागे लागत. दुकानासमोर बसलेल्या म्हाताऱ्या विचारत, "काय गं, डुक्कर मागे लागलंय का नवरा?"

"नवरा असता तर उभी राहिले असते, डुक्कर असतं तर मारून आणलं असतं. कुणीच नाहीये!"

"मग पळतेस कशाला, मेले?"

याचं उत्तर म्हाताऱ्यांना सांगण्यासारखं नव्हतं. आपण सगळ्यांच्या आधी पोचतो, रोज पोचतो, आणि ते कुणी मोजत नाही, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच डाचायला लागलं होतं.

शर्यतीचं तिला सांगितलं को बाईंनी. को बाई म्हणजे ताइपेच्या दातांच्या डॉक्टर, स्वतः असल्या शर्यती पळणाऱ्या, दर वर्षी आमच्याच टोळीबरोबर येणाऱ्या. त्यांनी मुक्कामावर बसून मनगटावरच्या घड्याळात लांगुईच्या तीन फेऱ्या मोजल्या आणि बराच वेळ घड्याळाकडेच बघत राहिल्या.

"लांगुई, तू गमबुटात पळतेस?"

"आत पाणी शिरत नाही."

"अगं, मी हजारोंचे बूट घालून याच्या दीडपट वेळ घेते!" मग त्यांनीच फोनवर अर्ज भरून दिला.

उत्तर आलं ते वर सांगितलं. अनुभव नाही. अनुभव म्हणजे काय, तेही तुम्ही खाली बारीक अक्षरात छापलं होतं: आधीच्या शर्यतीचं प्रमाणपत्र, नाहीतर एखाद्या मोठ्या शिखरावर, पाटीशेजारी, चेहरा स्पष्ट दिसेल असा फोटो.

टोळी त्या कागदाभोवती जमली आणि पोट धरून हसली.

"बावीस वर्षांत एक फोटो नाही?" हाइसुल म्हणाला. "माझाही नाही म्हणा. माझा कांदे सोलतानाचा आहे. चालेल का विचार."

हसण्यासारखंच होतं ते. शिखरावर पाहुणे जातात. पहाटे उठून, डोक्याला दिवे लावून जातात, उजेड झाल्यावर पाटीपाशी बोटं वर करून फोटो काढतात आणि परत येतात. त्या वेळात हमाल मागे राहून पेज शिजवतो, तंबू आवरतो. लांगुई त्या डोंगरावर सहाशेहून जास्त वेळा गेली असेल. माथ्यावर एकदाही नाही. तिथे तिचं काही कामच नव्हतं.

"जा एकदा वर," हुसुंग म्हणाला. हुसुंग आमचा मुकादम. पासष्टीचा, कमी बोलणारा. सगळी टोळी त्याला तामा म्हणते, म्हणजे बापाच्या जागी. "पेज मी बघतो. फोटो काढ आणि तोंडावर फेक त्यांच्या."

"तामा, तुझ्या हातची पेज खाऊन पाहुणे परत येतील का पुढच्या वर्षी?"

"उपाशी येतील. जा."

पुढच्या खेपेला को बाईही होत्या. लांगुई पाहुण्यांच्या मागून निघाली आणि पाऊण तासात त्यांच्या पुढे गेली. माथ्यावर पोचली तेव्हा तिथे वारा होता आणि एक दगडी पाटी होती, बाकी काही नाही. इतकी वर्षं लोक याच्यासाठी रडतात? ती पाटीला टेकून बसली. पूर्वेकडे आमच्या जुन्या गावांचं रान दिसत होतं. आमच्या आज्या-पणज्यांना सरकारने तिथून खाली आणून बसवलं. आता वर जायचं तर आम्हीच परवान्याचे अर्ज करायचे. ती ते रान बघत बसली. को बाई धापा टाकत आल्या आणि त्यांनी फोटो काढला. चेहरा स्पष्ट, पाटी स्पष्ट. गमबूटसुद्धा स्पष्ट.

फोटो पाठवला. नवव्या दिवशी टपाल आलं. लांगुईने ते दुकानापुढे उभं राहून फोडलं, दोनदा वाचलं आणि हुसुंगच्या हातात दिलं. त्याचा चष्मा घरी होता, म्हणून हाइसुलने मोठ्याने वाचलं.

"सोबतच्या छायाचित्रावरून असे निदर्शनास येते की, आपला परवाना हमाल या वर्गातील असून तो वरच्या मुक्कामापर्यंतच वैध होता. तरी आपण परवानगीशिवाय शिखरावर प्रवेश केला. ही पहिली ताकीद समजावी. पुन्हा असे घडल्यास हमाल परवाना रद्द करण्यात येईल. शर्यतीच्या अर्जासाठी सदर छायाचित्र ग्राह्य धरता येत नाही, कारण ते नियमभंग करून काढलेले आहे."

या वेळी कुणी हसलं नाही. एका म्हातारीने पचकन लाल थुंकी टाकली.

हुसुंग म्हणाला, "झालं. आता गप बस, पोरी. कागदाशी भांडून कुणी जिंकलंय? परवाना गेला तर चूल जाईल."

"गेली तर जाईल."

"हे बोलायला सोपं असतं."

"तामा, मी पळणार म्हणजे पळणार. नाव घालू देत, नाहीतर न घालू देत."

"नावाशिवाय पळालीस तर वाटेवरून उचलून खाली आणतील. वर परवाना जाईल तो वेगळाच."

लांगुई घरी गेली नाही, गमबूट चढवून रस्त्याला लागली. अंधार पडायच्या आत चार वेळा तो चढ चढली आणि चार वेळा उतरली. राग पायात उतरला की श्वास पुरतो, हे तिला त्या दिवशी कळलं. पाचव्यांदा चढताना तिला ओकारी झाली. रस्त्याच्या कडेला वाकून ती ओकली, तोंड पुसलं आणि वरपर्यंत गेली.

पुढचे तीन आठवडे ती तशीच राबली. खेपेला तीस किलो घेऊन चढायची, मुक्कामावर ओझं टाकून खिंडीच्या सहा फेऱ्या मारायची, आणि तिसऱ्या दिवशी पाठीवरच्या ओझ्याच्या रिकाम्या सांगाड्यासकट खालीपर्यंत पळत यायची. पायाची दोन नखं काळी पडून गळाली. हाइसुल आता चेष्टा करत नव्हता, न सांगता कुकर बघायचा. भात एकदाही करपला नाही.

आणि मग शर्यतीला दहा दिवस उरले असताना तुमच्याच कचेरीतून टोळीला काम आलं. शर्यतीतल्या लोकांना प्यायला पाणी लागणार. तिसऱ्या खिंडीतल्या चौकीवर पाण्याची चाळीस खोकी वर न्यायची होती. तिथे हेलिकॉप्टर उतरत नाही, खेचर चढत नाही. आम्ही चढतो. तेरा करारपत्रं आली, प्रत्येक हमालाचं नाव छापलेलं. त्यातलं एक लांगुईचं.

या वेळी हुसुंगचा चष्मा नाकावर होता. आम्ही कधी करार वाचत नाही, अंगठ्यासारखी सही करतो आणि निघतो. का कोण जाणे, त्या दिवशी तो वाचत बसला. चौथ्या कलमापाशी त्याचं बोट थांबलं.

"हाइसुल, हे वाच. मलाच असं दिसतंय का?"

हाइसुलने वाचलं. "सदर हमालास या मार्गाचा, तेथील उंचीचा व हवामानाचा अनेक वर्षांचा पूर्ण अनुभव असून, अपघात अथवा मृत्यू झाल्यास त्याची जबाबदारी सर्वस्वी हमालाची राहील." मग म्हणाला, "म्हणजे ताई, तुला मरायचं असेल तर अनुभव आहे. पळायचं असेल तर नाही."

लांगुईने त्याच्या हातून कागद काढून घेतला. सही तीच होती, शिक्काही तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आधी ती दारात उभी होती. हुसुंगने तिला मालवाहू गाडीतून आणलं होतं. तो गाडीतच बसून राहिला, "मी आत येत नाही, मला बोलता येत नाही," म्हणाला.

खिडकीतल्या श्ये बाईंनी तिला ओळखलं. "या, वू बाई." सरकारी वहीत तिचं आडनाव वू आहे, गावात त्या नावाने हाक मारली तर कुणी वळूनही बघत नाही. "करार आणलात? बाकीच्या बारा जणांचे?"

लांगुईने तीन कागद खिडकीत मांडले. पहिला नामंजुरीचा, दुसरा ताकिदीचा, तिसरा कराराचा, सही न केलेला.

"यातला खरा कुठला?"

श्ये बाईंनी तिन्ही वाचले. बाई वाईट नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी आवाज खाली केला. "वू बाई, हे वेगवेगळे विभाग आहेत हो. शर्यतीचा वेगळा, परवान्याचा वेगळा, मालवाहतुकीचा वेगळा."

"शिक्का एकच आहे."

"शिक्का मी मारते. लिहिणारे वेगळे."

"मग लिहिणाऱ्यांना बोलवा."

"साहेब बैठकीला गेलेत. सोमवारी या."

"सोमवारी पाणी खालीच असेल."

मागच्या रांगेतला एक माणूस खाकरला. श्ये बाई म्हणाल्या, "तुम्ही सही नाही केलीत तर आम्ही बारा माणसांकडून करून घेऊ. मला कशाला अडचणीत आणता?"

तेवढ्यात दार उघडलं आणि हुसुंग आत आला. तोंडातली सुपारी त्याने दाराबाहेर थुंकली होती, ओठ अजून लाल होते. त्याने बारा करारपत्रं खिडकीत ठेवली. एकावरही सही नव्हती.

"तामा," लांगुई हळूच म्हणाली, "चुलीचं काय?"

"गप गं. बोलू दे मला, आधीच बोलता येत नाही." तो खिडकीकडे वळला. "बाई, ही पोरगी माझ्या टोळीत सगळ्यात पुढं चालते. हिला डोंगर माहीत नसेल, तर आम्हा बाकीच्यांना तर मुळीच नाही. आणि ज्याला डोंगर माहीत नाही त्याच्या पाठीवर पाणी देऊन वर पाठवू नये. माणूस मरतो."

एवढं बोलून तो घामाघूम झाला आणि भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसला. लांगुई उभीच राहिली. श्ये बाईंनी फोन उचलला, ठेवला, परत उचलला. कुणाशी तरी कुजबुजल्या. मग म्हणाल्या, "साहेब विचारतायत, तुमची नेमकी मागणी काय?"

लांगुईने कराराचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तो खिडकीच्या फटीतून आत सरकवला आणि त्यावर श्ये बाईंचंच पेन ठेवलं.

"मागणी नाही, प्रश्न आहे. मला हा डोंगर माहीत आहे की नाही? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण एकाच कागदावर लिहा, आणि खाली साहेबांची सही घ्या. मी इथेच उभी आहे. काय लिहिताय?"