चातुर्मासातला लसूण

भय्यासाहेबांनी सरपणाच्या ढिगामागे हात घालून भुरीला बाहेर ओढलं, तेव्हा तिने बोचकारलंसुद्धा नाही. एरवी पाठीवर हात ठेवणाऱ्याचं रक्त काढणारी मांजर ती. आता तोंडातून लाळेची तार लोंबत होती, मागचे पाय लुळे पडले होते आणि पोट भात्यासारखं हलत होतं.

"सकाळी तर गच्चीवर उड्या मारत होती," त्यांची बायको सुलभा म्हणाली. "विंचू चावला का हो?"

घरमालकीण अक्का लगबगीने आल्या. भुरी त्यांची, म्हणजे दूध त्यांच्याकडे पिणारी आणि दिवसभर गावभर हिंडणारी. अक्कांनी वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला, क्षणभर तशाच थांबल्या, मग ताठ झाल्या.

"लसूण! चातुर्मासात माझ्या घरात लसूण शिजतोय, सुलभा?"

"देवाशपथ अक्का, आषाढापासून पाकळी आणली नाही!"

"मग काय मांजरीने मंडीतून आणला?"

सुलभाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने फरशीकडे.

अक्कांच्या घरी चातुर्मासात मुंगीसुद्धा मारायची नाही. उंदीर तर गणपतीचं वाहन. त्या वाहनाने मागच्या आठवड्यात भय्यासाहेबांच्या नेमणुकीच्या हुकुमांचा कोपरा कुरतडला होता. एक नोव्हेंबरला मध्यभारत राज्य संपणार, कचेरी भोपाळला जाणार. ग्वाल्हेर दरबारापासूनची अठरा वर्षांची नोकरी त्या कागदांवरच तर उभी होती. साहेबाची नजर चुकवून कधी चहालाही न उठलेल्या या माणसाने फ्रीगंजच्या बाजारातून विषाची डबी आणली, कणकेच्या गोळ्या केल्या आणि बायकोलाही न सांगता कपाटामागे ठेवल्या.

अक्का वाटीत पातळ तूप घेऊन आल्या. "काही का खाल्लं असेना, तुपाने उतरतं. धर गं तिचा जबडा."

भय्यासाहेब सरकारी माणूस; डबीवरचा मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलेला. औषधास लसणासारखा वास येतो. तेल, तूप, दूध देऊ नये, विष लवकर भिनते. बोलावं तर डोक्यावरचं छप्पर जाणार, गप्प बसावं तर मांजर. चमचा भुरीच्या ओठांना लागला.

"अक्का, तूप नको."

"का?"

"विष भिनतं त्याने. डबीवर लिहिलंय."

"विष? कसली डबी?" सुलभा ओरडलीच.

आता आभाळ कोसळणार म्हणून भय्यासाहेबांनी मान खाली घातली. ते कोसळलं नाही. अक्कांनी चमचा वाटीत ठेवला. घाईने वाटी दूर सारली, तूप जमिनीवर सांडलं तरी तिकडे पाहिलं नाही.

"टांगा बोलवा," त्या म्हणाल्या.

टांग्यात भुरी अक्कांच्या शालीत गुंडाळलेली होती. तिचा श्वास मध्येच अडे, तशा अक्काही श्वास धरून बसत.

"सोन्याचं मांजर करून काशीला वाहिलं तरी हे पाप फिटत नाही म्हणतात," त्या पुटपुटल्या. भय्यासाहेबांना वाटलं, हे आपल्यालाच.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी भुरीची पापणी उलटून पाहिली.

"क्या खाया इसने? सच बताइए, वक्त नहीं है."

भय्यासाहेबांनी खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर ती वाचत असतानाच अक्कांनी कनवटीची गाठ सोडली आणि शेजारी दुसरी डबी ठेवली. तेच लेबल, तोच लाल उंदीर. अर्धी रिकामी.

"देवघरात फार झाले होते हो," त्या कोणाकडेच न पाहता म्हणाल्या. "आणि वरचं लिहिलेलं मला कुठे वाचता येतं."

डॉक्टरांनी दोन्ही डब्यांकडे पाहिलं, मग दोघांकडे. "पेट धोना पड़ेगा. पैर कौन पकड़ेगा?"

दोघांनी एकदमच हात पुढे केले. नळी घशात जाताच भुरी वाकडीतिकडी झाली आणि तिने एक नख बाहेर काढलं. अक्कांच्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली. त्यांनी हात काढला नाही.