मोटारीची थंड हवा आणि माझा सूड

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा नळ आहे. माझ्यात गंज आहे, त्याहून जास्त राग आहे.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते तेव्हा मलकापुरात पत्र्याचे कारागीर फकीर मोहम्मद यांनी घासलेटच्या डब्यातून मला घडवले. कारण होते उकंडराव जमीनदारांच्या मनातली अपमानाची आग. मोटार जोरात पळावी म्हणून त्यांनी तिच्या इंजिनाची ताकद वाढवून घेतली होती. पण वैशाखात राजूर घाट चढताना ती धापा टाकून थांबली. मागून आपल्या मोटारीतून आलेले अर्जुनराव जिनवाले हसले, "काऊन गा, बैल पाठवू काय?" आणि खरेच बैल जुंपून त्यांनी ती मोटार मलकापूरच्या बाजारातून ओढत नेली.

"इंजिन आपलाच तापलेला वारा पिऊन राह्यलं, मालक," फकीर मोहम्मद म्हणाले. "या नळाचं तोंड समोर बाहेर राहू द्या."

मी बाहेरची हवा थेट इंजिनाच्या पोटात नेऊ लागलो. हवा थंड राहावी म्हणून माझ्यावर ओले गोणपाट गुंडाळलेले असे. पुढच्या वैशाखात अर्जुनरावांशी पैज लागली; आम्ही घाट चढलो, त्यांची मोटार मात्र अडकली आणि ती बैलांनी ओढली! हार मोटारीला पडले. मला एक पाकळीही मिळाली नाही.

दसऱ्याला मोटार पुजताना मालकीण सोजराबाई मालकांना म्हणाल्या, "अहो, हा घासलेटचा डबा काऊन लावला मोटारीले? लोकं हासतात."

झाले! माझ्या जागी पितळी नळ आला. बाई तो चिंचेने घासून लखलखीत ठेवत. धुळीने त्याची चकाकी जाऊ नये म्हणून मालकांनी त्याचे तोंड आत वळवून घेतले, नेमके तापलेल्या इंजिनाकडे. मला गोठ्यावर फेकले. हिवाळाभर दवाने आणि पुढे अवकाळी पावसाने मी भिजलो, गंजलो आणि मनात एकच जप केला: पुन्हा वैशाख येऊ दे.

तो आला. अर्जुनरावांशी पुन्हा पैज लागली. शर्यतीच्या सकाळी मोटार वेशीपर्यंत जाऊनच दमली. मालक धावत गोठ्याकडे आले आणि त्यांनी मला ओढून काढले.

"चाल बाबा, तुह्याशिवाय काही खरं नाही!"

हे शब्द ऐकायला मी किती आसुसलो होतो! त्यांनी मला उन्हाकडे धरले. माझ्या भोकाभोकांतून ऊन त्यांच्या तोंडावर पडले. भोके बुजवायला डाख लावावा, तर जागाच उरली नव्हती. पोटातली हवा कुठून कुठे जाईल, याचा नेम नव्हता.

मला तिथेच टाकून, पितळी नळ घेऊन ते घाटाला गेले. संध्याकाळी त्यांच्याच गोठ्यातले बैल मोटार ओढत आले. मालक मान खाली घालून बसले होते. मला वाईट वाटले नाही. अजिबात नाही.

मित्रांनो, राबणाऱ्याला राबत असतानाच जपा. नाहीतर गरजेच्या दिवशी तो हाती लागेल, पण कामाचा नसेल.