खण उघडला की मी गप्प

मी एक जुना एअर फ्रायर आहे, असं आजी म्हणते. खरं तर मी तितका जुना नाही. माळ्यावर पडून राहिलेल्या वस्तू लवकर म्हाताऱ्या दिसतात, एवढंच.

मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधी माझी एक सवय सांगून ठेवतो. माझ्या पोटात एक खण आहे आणि खणात जाळीची टोपली. खण बंद असला की माझा पंखा घूं घूं फिरतो, वरची कॉइल लालबुंद होते, आणि स्वतःच्या आवाजापुढे मला जगातलं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तेव्हा मी बोलतो. पण कुणी खण ओढला की पंखा बंद, कॉइल बंद, मीही बंद. तेव्हा घरातली माणसं ऐकू येतात. म्हणून माझी गोष्ट मधेच तुटली तर गोंधळू नका. कुणीतरी खण ओढलाय असं समजा.

या घरात आजी आणि आजोबा राहतात. जिन्यावर खेळणारी मुलं त्यांना आजी-आजोबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. आज त्यांची लेक आली आहे. माझ्या टोपलीत माशाच्या तुकड्या आहेत: गोल, जाड, मधोमध काटा, मीठ-मिरपूड-लसूण-लिंबू चोळलेल्या आणि वरून तेलाचं बोट फिरवलेल्या. आज मासा जमला तर हे स्वयंपाकघर आजीचं राहील. नाही जमला तर उद्यापासून बाहेरून डबा येईल, आणि मी पुन्हा माळ्यावर जाईन.

खण बंद झाला. करतो सुरुवात.

माझा जन्म एका लांबलचक पट्ट्यावर झाला. पट्टा सरकत होता आणि मी सरकता सरकता मोठा होत होतो. कुणी पंखा बसवला, कुणी कॉइल, कुणी दोन गोल बटणं. पट्ट्याच्या टोकाला तपासणीसाठी एक बाई बसली होती. तिने माझा खण ओढला, ढकलला, पुन्हा ओढला आणि शेजारणीला म्हणाली, "हा गुणी आहे बघ. उघडला की लगेच गप्प होतो. माझ्या घरात असं एकही नाही." तिने माझ्या पाठीवर हिरवा ठिपका चिकटवला. तो अजून आहे.

मग थर्मोकोल, खोका, अंधार, ट्रकचे गचके. मग दुकानातली फळी आणि दिवसभर चमकणारे दिवे. एके दिवशी लेकीने मला उचललं. ती नर्स आहे, भाजलेल्या माणसांच्या वॉर्डात. दुकानदाराला म्हणाली, "आईच्या वाढदिवसाला हवाय. ती तेलापुढे उभी असली की माझा जीव थाऱ्यावर नसतो." उकळतं तेल काय करतं ते तिने रोजच्या रोज—

(खण उघडला.)

आजी: झालं!

आजोबा: इतक्यात?

आजी: आवाज थांबला ना. आवाज थांबला की मासा झाला. उभा जन्म तव्यावर मी तसंच केलंय.

आजोबा: अगं, तू खण ओढलास म्हणून थांबला. मासा बघ कसा पांढराफटक पडलाय. चष्मा लाव.

आजी: मासा चष्म्याने करत नाहीत. कानाने करतात. चिमटा द्या इकडे.

आजोबा: मला एक सांग. तुझ्यापुढे मीही गप्पच असतो. म्हणून मी शिजलो का?

लेक: बाबा!

आजी: तू हसू नकोस गं. आणि तुम्ही, तुम्हाला शिजवता शिजवता माझे केस पांढरे झाले, तरी मधे कच्चेच.

आजोबा: मग कर बंद. मलाही अजून आशा आहे.

(खण बंद.)

—पाहिलं होतं. कुठे होतो आपण? हां, वाढदिवस.

काय सांगू, मित्रांनो, ते पहिले दिवस! मी ओट्यावर अगदी मधोमध बसलो होतो. शेजारणी येऊन माझ्या बटणांना हात लावून गेल्या. आजोबा रोज सकाळी माझ्यात पाव भाजत आणि तो बाहेर काढताना "या, या, साहेब" म्हणत. बटाटे झाले, वांगी झाली, जिन्यावरच्या मुलांसाठी सफरचंदं झाली. सगळे वाहवा करत होते. आजी मात्र दुरून बघायची.

तिचा मासा तव्यावरच व्हायचा. तुकड्या सोडल्या की तव्याकडे चक्क पाठ करून कांदा चिरायची. तवा मागे मोठ्याने चर्र करायचा, मग बारीक, मग आणखी बारीक. तो गप्प होत आला की आजी न बघता वळायची आणि तुकडी पलटायची. एकही कधी करपली नाही. मी शेजारी बसून बघायचो आणि मनातल्या मनात टाळ्या वाजवायचो.

एकदा पलीकडच्या गल्लीत राहणारी आजोबांची बहीण जेवायला येणार होती. आजोबांनी फार आग्रह केला, म्हणून आजीने पहिल्यांदाच मासा माझ्यात ठेवला. थोड्या वेळाने कसं काय चाललंय म्हणून तिने खण ओढला. मी सवयीप्रमाणे गप्प झालो. तिच्या कानाने त्याचा अर्थ लावला: तयार! तिने तुकड्या वाढल्या. नणंदबाईंनी एक घास मोडला, ताटात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "वहिनी, तुमचा मासा अजून पोहतोय."

सगळे हसले. आजीही हसली. पण त्याच संध्याकाळी मी माळ्यावर गेलो. टोपली तारेच्या घासणीने खरवडून, आतलं तेल तसंच ठेवून, न पुसता, जुन्या रजईशेजारी. तिथे एका कोळ्याने माझ्या बटणापासून रजईपर्यंत—

(खण उघडला.)

आजी: हे बघ. काही नाही. मुका डबा आहे हा.

लेक: आई, राहू दे ना. डब्याच्या ताई उद्यापासून यायला तयार आहेत. चांगलं करतात. मी चाखून आलेय.

आजी: चांगलंच करत असतील.

लेक: असा चेहरा करू नकोस. मी काय तुझी वैरीण आहे का?

आजोबा: भांडायचं असेल तर आधी ते बंद करा. मासा गार होतोय.

आजी: श्श!

आजोबा: मी काय केलं?

आजी: गप्प बसा हो. दोघंही. ऐका... बुळबुळ, बुळबुळ. ऐकू येतंय?

लेक: कुठे?

आजी: वाक जरा. पाणी बोलतंय. माशातलं. अजून ओला आहे तो, तव्यावरही आधी असाच बोलतो. अगं बाई! मी मेली यंत्रालाच ऐकत बसले होते!

लेक: खरंच येतोय की आवाज. बाबा, ऐका ना.

आजोबा: तुम्ही दोघी डोकं काढाल तर ऐकेन.

लेक: आई, बंद कर, बंद कर, थंड होईल!

(खण बंद.)

—जाळं विणलं. अहो, पण ऐकलंत ना तुम्ही? माझा पंखा आज उगाच जोरात फिरतोय. फिरू दे.

आता गोष्टीचा दुखरा भाग, तो पटकन सांगतो. मी माळ्यावर असताना एकदा तव्यातलं तेल आजीच्या मनगटावर उडालं. मला वरून आधी किंकाळी ऐकू आली. लेक धावत आली. तिने पट्टी बांधली. मग उठली, तवा आणि कढई पिशवीत घातली आणि स्वतःच्या घरी घेऊन गेली.

मनगट बरं झालं. पण आजी स्वयंपाकघरात येईना. आजोबा करायचे काहीतरी: खिचडी, पुन्हा खिचडी, आणि बदल म्हणून पातळ खिचडी. आजी समोर येईल ते खायची आणि खिडकीत जाऊन बसायची. चिरताना ती गुणगुणायची, तेही थांबलं. एवढं शांत घर मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी लेकीने डब्याचं ठरवलं. आजोबा म्हणाले, "एकदा, फक्त एकदा तिला करू दे. तापलेलं तेल नको, तवा नको. तो माळ्यावरचा काढू." लेक म्हणाली, "एकदाच."

आजोबा स्टुलावर चढले. ("बाबा, उतरा खाली! मी काढते.") लेकीने मला खाली काढलं, आजोबांनी मांडीवर घेतलं आणि जुन्या बनियनने पुसलं. दात घासायच्या ब्रशने माझ्या जाळीचं भोक न् भोक साफ केलं. कोळ्याला कागदावर घेऊन खिडकीत सोडला. मला गुदगुल्या झाल्या, पण मी हललो नाही. आणि आज सकाळी आजी दारात आली. ओट्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "लिंबू कुठे ठेवलंत?" तेव्हा आजोबांचा चेहरा—

(खण उघडला.)

आजी: आता बघ. चर्र होतंय की नाही? पाणी गेलं. हीच वेळ पलटायची.

लेक: जाळीला चिकटलंय का?

आजी: ओढू नकोस. नुसता चिमटा लाव. सुटायचं असेल तर आपणहून सुटतं... बघ, सुटलं. काय रंग आलाय!

आजोबा: चष्मा न लावता कळला रंग?

आजी: तुम्ही ताटं घ्या.

(खण बंद.)

—बघायला हवा होता.

मित्रांनो, फार बोलत नाही आता. तुकडीच्या कडा तांबूस होऊ लागल्यात. मला आठवते ती तपासणीची बाई. उघडला की गप्प होतो, म्हणाली होती. याच गुणापायी मी माळ्यावर गेलो. मग मला वाटायचं, हा गुण नसता तर बरं झालं असतं, मीही तव्यासारखं सतत काहीतरी—

(खण उघडला.)

आजोबा: काय म्हणतोय मासा?

आजी: श्श.

लेक: मला येतंय ऐकू. चुरचुर. अगदी बारीक.

आजी: कोरडी चुरचुर. झाला. काढा.

लेक: थांब, मी काट्यापाशी मोडून बघते. आत पांढरा... सुटतोय पदर पदर. ठीक दिसतोय.

आजी: ठीक दिसतोय म्हणे! खा की.

आजोबा: नर्सबाई, पेशंट ताटकळलाय. निकाल सांगा.

आजी: का गं? बोलत का नाहीस? कच्चा आहे? खारट झाला? बोल ना!

लेक: तोंडात आहे, आई... बाबा, माझा फोन द्या जरा... हॅलो, ताई? हो, मीच. उद्यापासून डबा नको. नाही हो, कुणी आजारी नाही. आईने मासा केलाय.

आजोबा: हे काय, तू रडतेस?

आजी: लसूण झोंबला.

आजोबा: चोळला सकाळी, झोंबला आत्ता?

आजी: तुम्ही जेवा. आणि वन्संना फोन लावा. म्हणावं, पोहून झालंय. लवकर या, नाहीतर काटे उरतील.

(खण बंद. आत दुसरी खेप.)

—बोलत राहिलो असतो. पण बरं झालं, नाही राहिलो!

तर मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याची टोपली तारेने खरवडू नका, कोमट पाण्यात भिजत ठेवा, डाग आपणहून सुटतात. तेलकट अंगाने त्याला माळ्यावर टाकू नका. एकदा काही बिघडलं म्हणून लगेच त्याच्यावर फुली मारू नका. आणि त्याचा खण उघडलात तर जरा दम धरा. तो गप्प बसतो ते रुसून नाही, मुका आहे म्हणूनही नाही. तो गप्प बसला की कुणाचा तरी बारीक आवाज ऐकू येतो, आणि माझ्या मते आमच्या सगळ्या कामात हेच काम सगळ्यात—

(खण उघडला.)

नणंदबाई: काय वहिनी, आज तरी मासा—

आजी: श्श, वन्सं. आधी ऐका.