ड्यूडचं कूळ

लिफ्टवाला पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा त्याने आमच्या ह्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "ड्यूड!"

झालं. ह्यांची कात्री अर्ध्या पँटवर थांबली. चाळीस वर्षांच्या शिवणकामात ती मध्येच थांबलेली मी कधी पाहिली नव्हती.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. आमची मुलगी जिथे लोकांच्या चष्म्याचे नंबर काढते, त्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत ही एकटी. दार उघडेपर्यंत चाळीस मिनिटं हा फटीतून तिच्याशी बोलत होता, आणि दार उघडलं तोवर दोघांचं जमलेलं होतं. आता तो रीतसर तिच्या बापाला विचारायला आला होता, आणि बापालाच ड्यूड म्हणून मोकळा झाला.

"हे लग्न होणार नाही," तो गेल्यावर ह्यांनी जाहीर केलं. "होणाऱ्या सासऱ्याला कुणी असं म्हणतं?"

"अहो बाबा, त्या शब्दाला काही अर्थच नसतो," मुलगी म्हणाली.

"म्हणजे ज्याला अर्थ नाही असला शब्द माझ्यासाठी?"

मला हसू फुटलं. माझं हे जन्मापासूनचं दुखणं आहे. जिथे गंभीर व्हायचं तिथेच माझ्या पोटात उकळ्या फुटतात. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंडात पदरासारखी मापाची टेपच कोंबली.

मग ह्यांनी अट घातली. त्या शब्दाचा अर्थ काय, तो आला कुठून, हे पुराव्यासकट कळलं पाहिजे. तोवर त्या मुलाने आमचा उंबरा ओलांडायचा नाही. लोक मुलाचं कूळ विचारतात, ह्यांनी शब्दाचं विचारलं.

मुलगी भांडली नाही, तेच वाईट होतं. ती मला एवढंच म्हणाली, "आई, बाबांना दुखवून मी त्याच्याशी लग्न करणार नाही. आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही." दोन दिवस ती ताटात नुसती बोटं फिरवत होती. एरवी ही पोरगी माझ्या ताटातलंही उचलते. तिसऱ्या दिवशी मी चपला घातल्या आणि वाचनालय गाठलं.

तिथल्या ग्रंथपाल बाईंना मी अडचण सांगितली. त्यांनी असला कोश काढला की तो टेबलावर ठेवायला आम्ही दोघी लागलो. बोट फिरवत त्या वाचून अर्थ सांगू लागल्या.

"हा अमेरिकेतला शब्द. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचा. कपड्यांची फार हौस असलेल्या पुरुषांना चिडवायला म्हणत. कॉलर कडक, कोट अंगाला चापून बसलेला, बुटाला धुळीचा कण नाही, चालणं असं की रस्ता आपल्या मालकीचा..." त्या थांबल्या. "का हो, काय झालं?"

मी टेबलाला धरून हसत होते. "तुम्ही आमच्या ह्यांना ओळखता का?"

मग मला सगळं सांगावंच लागलं. कचऱ्याची बादली बाहेर ठेवायलाही हे कोट घालून जातात. रुमालाला इस्त्री तर करतातच, पण मोज्यांनाही करतात. एकदा ताप आला तर डॉक्टर यायच्या आधी अंगात कडक शर्ट चढवून झोपले. ग्रंथपाल बाई आधी गालात हसल्या, मग चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. आमच्या डोक्यावर "शांतता राखा" अशी पाटी होती. वर्तमानपत्र वाचणारे एक गृहस्थ आम्हाला दटावायला उठले, तेही कडक इस्त्रीच्या कोटात. त्यांना पाहून बाई कोशामागे लपल्या आणि मी जमिनीवर बसले.

"आणि आला कुठून?" श्वास परत आल्यावर मी विचारलं.

"ते नक्की कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं एका जुन्या गाण्यातल्या शब्दाचा तुकडा असावा. पुढे चिडवणं गेलं, दोस्त एकमेकांना म्हणू लागले आणि आता कुणीही कुणालाही म्हणतं. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात ना, त्यात आता ड्यूडचंही घाला."

मी सगळं चिठ्ठीवर उतरवून आणलं आणि ह्यांना वाचून दाखवलं.

"म्हणजे टिंगलच," हे म्हणाले.

"होती. आता नाही."

"मूळ तर टिंगलच ना? दुसऱ्याच्या अंगाकडे बघून नावं ठेवायची, ही काय माणसाची रीत झाली?"

आता मात्र माझं हसू गेलं आणि डोकं फिरलं. मी उठले आणि मापाची वही आणली.

ही वही समजली पाहिजे. हे माप घेत आकडे सांगतात आणि मी लिहिते. ह्यांना गिऱ्हाइकाचं नाव लक्षात राहत नाही, अंगाची ठेवण मात्र जन्मात विसरत नाहीत. म्हणून वहीत नावं ह्यांनीच ठेवलेली. कपडा तयार होऊन गेला की त्या नावावर रेघ मारायची. फक्त शेवटचं पान वेगळं. तिथे घरची मापं: सासरे, सासूबाई, मी, आणि पहिल्या फ्रॉकपासूनची मुलगी. तिथे पूर्ण नावं आहेत आणि एकावरही रेघ नाही. सासू-सासरे जाऊन वर्षं झाली, तरी नाही.

मी पुढची पानं उघडली आणि खड्या आवाजात वाचलं, "'पोट आधी.' हे आपले डॉक्टर. 'बगळा.' हे मुख्याध्यापक. 'दोन नंबरचा बगळा', त्यांचे धाकटे बंधू. 'उशी', ह्या कोण ते मी बोलत नाही, त्या वरच्या मजल्यावर राहतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं हो तुम्हाला!"

"अगं, हळू! खिडकी उघडी आहे."

"मग उद्या डॉक्टरांना वही दाखवू?"

ह्यांची मिशी थरथरली. रागाने नव्हे, हे मला चाळीस वर्षांच्या अनुभवाने कळतं.

"रविवारी बोलाव त्याला," हे म्हणाले. "पण मी हो म्हटलेलं नाही."

रविवारी सकाळी हे आरशासमोर कोटाची बटणं लावत होते. मी दाराआड होते. ह्यांनी मान जरा तिरकी केली आणि आरशातल्या माणसाला अगदी हळू म्हटलं, "ड्यूड." मी स्वयंपाकघरात पळाले आणि नळ सोडून हसले.

लिफ्टवाला आला तो खांबासारखा. तोंड उघडायचं नाही अशी मुलीची सक्त ताकीद होती. "हो काका", "नाही काका", यापलीकडे अक्षर नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. हे बराच वेळ त्याच्या शर्टाकडेच बघत होते. मग उठले आणि गळ्यातली टेप काढली.

"उभा राहा."

तो उभा राहिला. ह्यांचा हात त्याच्या मानेला लागला मात्र, तो जागच्या जागी उडाला. "ड्यूड!"

मुलीने डोळे मिटून घेतले.

"बाबा, तो घाबरला की म्हणतो," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "लिफ्टमध्येही चाळीस मिनिटं हेच चाललं होतं. ड्यूड, मी इथेच आहे. ड्यूड, मी कुठे जात नाही."

"अडकली होतीस तू. घाबरला हा?"

"माझ्यापेक्षा जास्त."

ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "आणि त्या दिवशी माझा कोट बघून घाबरलास?"

"कोट बघून नाही, काका. तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

ह्यांनी टेप त्याच्या खांद्यावर नीट बसवली.

"ड्यूड मी आहे," हे म्हणाले. "कोशात लिहिलंय. तू अजून व्हायचायस. हात वर कर."

मी धावत वही आणली. हे आकडे सांगू लागले. "शोल्डर साडेसतरा. डावा अर्धा इंच उतरता, हत्यारांची पिशवी त्याच बाजूला घेतो हा. छाती अडतीस."

मी पुढच्या कोऱ्या पानावर पेन्सिल टेकवली. "काय लिहू? 'डावा खांदा'?"

"नाही," हे म्हणाले. "शेवटचं पान काढ. पूर्ण नाव लिही."

मुलीने हातातला चहाचा ट्रे तिथेच शिवणयंत्रावर ठेवला आणि तोंडावर हात घेतला. मी शेवटचं पान काढलं आणि अडले. इतके दिवस घरात नुसतं लिफ्टवाला, लिफ्टवाला. मला त्याचं पूर्ण नावच माहीत नव्हतं. डोळे पुसत मी ते त्याला विचारलं. हात वर धरूनच त्याने सांगितलं, आणि मुलीच्या नावाखाली ते लिहिताना मला पुन्हा हसू फुटलं.