कुमव्हेलेनच्या चढावरचं आमेन

दुपारपासून माणसं रेल्वेच्या फाटकापाशी जमत होती. फिरता धर्मोपदेशक एझ्रा प्यू नुसता हात उंचावून इंजिन हलवतो, ते बघायला वेल्सच्या कुमव्हेलेन खोऱ्यातल्या तीन गावांतून लोक लोटले होते. खाणीतून वर आलेले पुरुष तोंडंही न धुता आले होते.

आठवड्यात दोनदा घडलं होतं ते. कोळशाच्या चाळीस वाघिणी ओढणारं ते नवं धूड बोगद्याखालच्या चढावर, या फाटकापाशीच, अडायचं. चाकं जागच्या जागी गरगरायची, गाडी तसूभर सरकायची नाही. मग एझ्रा सगळ्यांना डोळे मिटायला लावून प्रार्थना करायचा आणि त्याच्या "आमेन"सरशी इंजिन चढू लागायचं.

कारणही त्यानेच शोधलं होतं. या वाटेवर पाप राहतं म्हणे. वाटेवर राहणारी एकच होती, फाटकवाली विधवा मॉरविद, आणि ती त्याच्या सभांना जात नसे. तेव्हापासून तिच्या खिडकीवर दोनदा दगड आला होता. तिला काढावं म्हणून रेल्वेकडे अर्ज गेला होता. नोकरी गेली की रेल्वेचं घरही जाणार. एका रात्री तर तिलाच वाटून गेलं, असेल का आपलं काही पाप?

आज मात्र फाटकाच्या थोडं खाली, उतारावर तिला तिचा कुत्रा रूळ चाटताना दिसला. तिने बोट फिरवून हुंगलं. मेंढीची चरबी! दोन्ही रुळांवर वीस-पंचवीस पावलं चोपडलेली. पुसायला धावणार, तोच खालून शिट्टी आली.

इंजिन आलं, घसरलं, थांबलं. ब्रेक सुटला तर चाळीस वाघिणी मागे घसरून खालच्या गावावर जाणार होत्या. ती तशीच इंजिनावर चढली.

"ट्युडर, चाकं घसरली की तुम्ही रुळावर वाळू सोडता ना?"

"सोडतोय की बाई," ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला. "दांडा ओढून हात दुखला. वाळूची पेटी काठोकाठ आहे, पण नळीतून कण पडत नाही."

खाली एझ्राचा आवाज चढला होता. हे यंत्र नव्हे बंधूंनो, लोखंडात कोंडलेला सैतान आहे, मिटा डोळे, जो बघेल तो आंधळा होईल, वगैरे वगैरे. शेकडो डोळे मुकाट मिटले.

मॉरविद पलीकडच्या बाजूने उतरली. तिथे एझ्राचं बायबल वाहणारा एबेन चाकाशी उकिडवा बसला होता. एका नळीत आधीच कोंबून ठेवलेला चिंधीचा बोळा आता त्याच्या मांडीवर होता, दुसरा तो उपसत होता. बोळा निघाला आणि वाळू भुरभुरू लागली.

तिने त्याची कॉलर धरून त्याला बोळ्यांसकट इंजिनापुढून लोकांसमोर खेचलं आणि ती ओरडली, "डोळे उघडा सगळ्यांनी. कुणी आंधळं होत नाही."

आधी दोघांनी उघडले, मग दहांनी. एबेनच्या हातातले बोळे सगळ्यांनी पाहिले. ट्युडरने वाफ सोडली. वाळूवर चाकांनी पकड घेतली आणि गाडी चढू लागली. आमेन अजून व्हायचं होतं. एझ्राचा हात हवेतच राहिला.

मग मॉरविदने लोकांना चरबी दाखवली. चमत्कारावर खूश होऊन तुम्हीच त्याला मटण पोचवलंत, त्यातलीच ही, असं सांगितलं. खाणकामगारांनी त्या दोघांना स्टेशनमास्तरांच्या ताब्यात दिलं. माफी फारशी कुणी मागितली नाही. बरेचजण मान खाली घालून पांगले.

एक म्हातारी घुटमळली. तिने दबकत विचारलं, "म्हणजे प्रार्थना करायचीच नाही का गं, पोरी?"

"करा की, आजी," मॉरविद म्हणाली. "पण कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर त्याचा माणूस तेवढ्यात काय करतोय, ते आधी बघून घ्या."